सेव्हन सिरीजची डिकी आणि माझी ‘म्हातारी कुरकुर’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा थोडं हसू. बीएमडब्ल्यू सेव्हन सिरीजच्या येऊ घातलेल्या फेसलिफ्टकडून, म्हणजे चालू पिढीच्या मधल्या सुधारणेकडून, मी तीन गोष्टी मागितल्या होत्या: तोंडावरचं जाळीदार ग्रिल आवरा, दोन मजली हेडलाइट पुन्हा एक करा आणि आयड्राइव्हचं, म्हणजे गाडीचा स्क्रीन चालवणारं, दोन सीटांमधलं ते गोल चाक काढू नका. तुम्ही त्याला ‘म्हातारी कुरकुर’ म्हणालात. २००१ मध्येही लोक असेच ओरडले होते आणि काळाने त्यांना खोटं पाडलं, हा तुमचा मुख्य मुद्दा. वर, ही गाडी तुम्ही घेणार आहात का, हा टोमणा.

टोमणा आधी निकालात काढतो. नाही, सात जन्मांत घेणार नाही. पण आयड्राइव्ह आधी कंपनीच्या सर्वांत वरच्या सेव्हनमध्ये आलं, मग तिच्याखालच्या फाइव्हमध्ये, मग थ्रीमध्ये, आणि त्याच्या नकला आज कुठे कुठे दिसतात ते तुम्हीच बघा. वर शिजतं ते खाली वाढलं जातं, म्हणून वरच्या स्वयंपाकघरात डोकावतो.

आता २००१. ई६५चं, म्हणजे त्या वर्षी आलेल्या सेव्हनच्या पिढीचं, उदाहरण तुम्ही काढलंत ते बरंच झालं. डिकीचं झाकण मागच्या मडगार्डांवर वेगळं आणून ठेवल्यासारखं, हेडलाइटवर भुवया, आणि एसीपासून रेडिओपर्यंत बरंच काही एका चाकाच्या हवाली. डिझाइनप्रमुख क्रिस बँगल यांना काढा म्हणून इंटरनेटवर सह्यांची मोहीम निघाली होती. गाडी तरीही चांगली खपली, हे मान्य. पण पुढचं तुम्ही गाळलंत. २००५च्या फेसलिफ्टमध्ये कंपनीने नेमकी ती डिकी सौम्य केली, हेडलाइट बदलले. २००८च्या नव्या पिढीत चाकाभोवती थेट बटणं आली: रेडिओ, फोन, नकाशा, ज्याचं त्याचं वेगळं. आज ज्या आयड्राइव्हची लोक तारीफ करतात ते हे दुरुस्त केलेलं. ओरडणाऱ्यांचं कुणीतरी ऐकलं, म्हणून ते जमलं. आणि तुम्ही श्रेय देताय काळाला!

‘फेसलिफ्ट म्हणजे बंपर बदलणं’ हे तुमचं म्हणणंही त्यामुळे पटत नाही. २००५ मध्ये सेव्हनच्या ७४५ या मॉडेलचं इंजिन जाऊन ७५०चं ४.८ लिटरचं आलं होतं. बंपरात ते मावत नाही.

एका ठिकाणी मात्र तुम्ही मला बरोबर पकडलंत. ग्रिल लहान होईल, असं मी अगदी छातीठोकपणे लिहिलं होतं. त्याला आधार काहीच नव्हता, फक्त इच्छा होती. उलट २०१९च्या फेसलिफ्टमध्ये ग्रिल सुमारे ४० टक्क्यांनी वाढलं, २०२२च्या पिढीत तर त्याला दिव्यांची चौकट मिळाली. सेव्हनचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक चीनमध्ये आहे आणि तिथे भारदस्त तोंड लागतं. कंपनी ऐकते, पण कुणाचं, हा प्रश्न मी सोयीने टाळला. ते वाक्य मागे घेतो.

चाकाचं मात्र मागे घेत नाही. नॉये क्लास या बीएमडब्ल्यूच्या नव्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या मालिकेतल्या आयएक्स३मध्ये ते नाहीच. पुढच्या काचेच्या तळाशी या खांबापासून त्या खांबापर्यंत माहितीची पट्टी, मध्ये टचस्क्रीन, स्टिअरिंगवर बटणं. हेच तंत्रज्ञान २०२७ पर्यंत चाळीस नव्या आणि सुधारित मॉडेलांत जाणार, असं कंपनीने जाहीर केलंय. मग सेव्हन सुटेल कशी?

तुम्ही म्हणता, सवय होते. मागे एका ओळखीच्यांच्या २०१०च्या सुमाराच्या सेव्हनमधून पुण्याहून मुंबईला गेलो होतो. मी पुढे, ड्रायव्हरकाकांशेजारी. बोरघाटात पाऊस, पुढे कंटेनर, नजर सरळ. डावा हात चाकावर नुसता टेकलेला. मागून मालक म्हणाले, गाणं बदला. काकांनी मान न हलवता चाक दोन खाचा फिरवलं, दाबलं. गाणं बदललं. खाच बोटाला कळते, टचस्क्रीनच्या काचेला खाच नसते. एवढंच माझं म्हणणं आहे.

परवा काका भेटले तेव्हा विचारलं, नव्या गाडीत हे चाक नसलं तर? ते म्हणाले, “मग मालकांना सांगायचं, साहेब, घाट उतरेपर्यंत हेच गाणं.”