कानात भोक, भोकात बोळा

चिरंजीवांना कमी ऐकू येतं हे लक्षात यायला आम्हाला सहा महिने लागले. हाकेला ओ न देणं ही आमच्या घराण्याची परंपराच आहे, त्यामुळे संशय आला नाही. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, पडद्यामागे चिकट पाणी साठलंय, दोन्हीकडे ग्रोमेट बसवू. ग्रोमेट म्हणजे मधे भोक असलेली इवलीशी नळी. पडद्याला बारीक चीर देऊन बसवतात, आत हवा खेळती राहते आणि बहुतेक वेळा सहा महिने ते दीड वर्षात ती आपली आपण गळून पडते.

ऑपरेशननंतर घरी आल्यावर पोरगं म्हणालं, "बाबा, आपला फ्रिज गुणगुणतो!" माझे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी म्हणालं, "बाबा, तू जेवताना केवढा मचमच करतोस!" डोळे कोरडे झाले.

मग उन्हाळा आला आणि पोहण्याच्या बॅचचा विषय निघाला. आई कडाडली, "पडद्याला भोक पाडलंय आणि त्याला टाकीत सोडतोस?" डॉक्टर मात्र निवांत होते. भोक इतकं बारीक की साधं पाणी पृष्ठताणामुळे सहसा त्यातून आत जातच नाही. वरवर खुशाल पोहू दे. खोल बुडी नको, विहीर-नदी नको, कान वाहत असला तर पाण्यात उतरायचं नाही. सांभाळायचं ते अंघोळीला; साबणाने पाण्याचा ताण कमी होतो आणि ते आत शिरू शकतं. म्हणजे तलाव चालेल, पण बादलीपासून जपा! हे आईला कोण पटवणार? मी म्हटलं, "अगं, अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी २०१३ सालीच सांगितलंय, सरसकट बोळे घालू नका." आई म्हणाली, "अमेरिकेत डोक्याला तेल तरी लावतात का?"

तडजोड म्हणून कानाचे प्लग आणले. पहिली जोडी तलावाने गिळली. दुसरी चिरंजीवांनी मित्राला एका खोडरबरावर विकली. तिसरी मात्र इतकी घट्ट बसली की मी स्वतःवर खूश होऊन काठावर चहा पीत बसलो. तेवढ्यात सरांनी शिट्टी फुंकली. सगळी पोरं काठाला आली, आमचं रत्न मात्र फळी धरून शांतपणे आठ फुटांकडे निघालेलं. सर ओरडले, मी ओरडलो, अख्खी बॅच ओरडली. शेवटी सरांनी उडी मारून त्याला दंडाला धरून आणला आणि मला विचारलं, "ऐकू येत नाही का याला?"

"येतं हो," मी म्हटलं, "त्यासाठीच तर ऑपरेशन केलं."

सरांनी दोन्ही प्लग उपसून माझ्या तळहातावर ठेवले. "मग हे कशाला?"

पैसे मोजून भोकं पाडली आणि वर पैसे मोजून बुजवली, हे मी त्यांना सांगितलं नाही.

आता तलावात कान उघडे. डोकं धुताना मात्र कापसाच्या बोळ्याला व्हॅसलीन चोपडून कानाच्या तोंडाशी लावतो आणि मगातल्या पाण्याची धार अशी जपून सोडतो, जणू अभिषेकच चाललाय. आईनेही पाण्याचा हट्ट सोडला. तिचं म्हणणं आता एवढंच, की पाणी नाही तर नाही, लसणीच्या कोमट तेलाचे दोन थेंब घालायला काय हरकत आहे? डॉक्टरांनी तेलाला सक्त मनाई केली आहे, हे मी तिला चार वेळा सांगितलंय.

काल रात्री दार लावून त्याचा अभ्यास घेत होतो. तो एकदम पेन्सिल थांबवून कुजबुजला, "बाबा, स्वयंपाकघरात आजी लसूण ठेचतेय." आणि पलंगाखाली शिरला.