कार्ड ब्लॉक झालं? आधी बँकेचे आभार माना!

दुकानात कार्ड टाकलं आणि मशीनने 'डिक्लाइन्ड'ची चिठ्ठी बाहेर काढली, तर चिडू नका. तुमचे पैसे तुमच्याच हाती लागू नयेत म्हणून बँक किती जागरूक आहे, याचं कौतुक करा. गेल्या महिन्यात हा मान मला फ्रिजच्या दुकानात मिळाला. खात्यात पैसे होते, पिन बरोबर होता. पहिल्यांदा पैसे कापल्याचा मेसेज आला, पण मशीनवर व्यवहार फेल. दुकानदार म्हणाला, "परत एकदा करू." केलं. एकाच दुकानात लागोपाठ तेवढीच रक्कम, म्हणजे चोरच! कार्ड ब्लॉक.

"दुसरं कार्ड आहे का साहेब?" हे दुकानदार ज्या आवाजात विचारतो, त्यात अर्धी कीव असते, अर्धा संशय. हसतमुखाने ऐकून घ्या.

खिशात रोकड ठेवा. डिजिटल व्यवहारांना तेवढाच एक भक्कम आधार आहे.

मग कस्टमर केअरला फोन लावा. मराठीसाठीचं बटण जरूर दाबा, पलीकडून हिंदी येईल. कार्डाचे शेवटचे चार आकडे, जन्मतारीख, आईचं नाव सांगून तुम्ही तुम्हीच आहात हे पटवून द्या. (दुपारी झोपमोड करून पर्सनल लोन विकणाऱ्या बाईंना यातलं काही विचारावं लागत नाही. त्यांना सगळं आधीच ठाऊक असतं.) कारण विचारलंत तर उत्तर मिळेल, "सिक्युरिटी रीझन आहे सर, सिस्टीमने केलंय." कोणाच्या सिस्टीमने? "सिस्टीमने सर." चालू कोण करणार? "होम ब्रँच." होम ब्रँच म्हणणार, "इथून होत नाही, कस्टमर केअरला फोन करा." मधल्या वेळात ती धून ऐका आणि आपला कॉल त्यांच्यासाठी किती महत्त्वाचा आहे, हे पुन्हा पुन्हा मनावर बिंबवून घ्या.

शाखेत जाताना आधार, पॅन, दोन फोटो आणि जेवणाचा डबा न्या.

आणि रिझर्व्ह बँकेची परिपत्रकं चुकूनही वाचू नका. उगाच डोक्याला ताप. जानेवारी २०२० च्या परिपत्रकात म्हटलंय की ऑनलाइन, परदेशी आणि टॅप करून होणारे व्यवहार चालू-बंद करायची, मर्यादा ठरवायची सोय ग्राहकाच्या हातात चोवीस तास हवी. आमच्या अ‍ॅपमध्ये ती आहेही. सगळी बटणं हिरवीगार 'चालू' दिसतात आणि कार्ड मात्र बंद!

त्याहून वाईट सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक. दुकानात पैसे कापले गेले पण दुकानदाराला पुष्टी मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत आली पाहिजे. नाही आली, तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये बँकेने द्यायचे, तेही ग्राहकाच्या तक्रारीची वाट न बघता. हे काउंटरवरच्या साहेबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "सात ते दहा वर्किंग डेज लागतात." कुठे लिहिलंय? "प्रोसेस आहे."

प्रोसेस गेली खड्ड्यात! पैसे माझे आहेत. कार्डाची वार्षिक फी आणि तिच्यावरचा १८ टक्के जीएसटी कापताना तुमच्या सिस्टीमला एकदाही संशय येत नाही, सर्व्हर कधी डाऊन नसतो, होम ब्रँच लागत नाही. द्यायची वेळ आली की लगेच सिक्युरिटी!

आणि तुम्ही वाचणारे, तुम्हीही "जाऊ दे, कोण नादी लागतंय" म्हणत घरी जाता, म्हणून यांचं फावतं. लेखी तक्रार करा, तक्रार क्रमांक घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. त्यांच्या पोर्टलवर तक्रार फुकट करता येते, माहितीसाठी १४४४८ नंबर आहे. मी जाणार आहे.

फसवणूक रोखायला कोणाची ना नाही. पण कार्ड अडवलंत त्याच मिनिटाला एक मेसेज टाका, कारण सांगा, 'हो, मीच आहे' म्हणायला एक बटण द्या. लोनचे मेसेज रोज पाठवता येतात, हा एक नाही येत? आता माझी रक्कम आणि तिच्यावरचे रोजचे शंभर मुकाट्याने खात्यात टाका. आणि कार्ड का बंद केलंत, ते सही-शिक्क्यानिशी लिहून द्या. 'सिस्टीमने' असं लिहिलंत तर तो कागद घेणार नाही.