आमच्या टॅबलेटला हरण्या लागला

मे महिन्यातल्या एका दुपारी, जळगावात रस्त्याचे डांबर चप्पल धरून ठेवते अशा वेळी, माझ्या टॅबलेटला तेरा विषाणूंनी घेरल्याचे मला बजावून सांगण्यात आले. मी वाचत असलेले पान एकाएकी नाहीसे झाले, पडदा लालभडक झाला, रुग्णवाहिकेसारखा आवाज सुरू झाला आणि मधोमध मजकूर उमटला : ‘चेतावणी! आपल्या टॅबलेट १३ व्हायरस द्वारे संक्रमित झाली आहेत. आपले बैटरी ६२% नुकसान झाला आहे. त्वरित साफ करा नाहीतर सर्व फोटो हटवले जाईल.’ खाली एक ढाल, ढालीखाली हिरवे बटण आणि बटणाखाली ‘अँड्रॉइड टॅबलेट, स्थान : नाशिक’ अशी नोंद.

मी एकतीस वर्षे शाळेत मराठी शिकवले. त्यामुळे भीती वाटण्याच्या आधी माझा हात सवयीने खिशातल्या लाल पेनाकडे गेला. ‘चेतावणी’ हा हिंदीतून उचललेला शब्द सोडून दिला, तरी तीन वाक्यांत सात चुका होत्या. टॅबलेटला विभक्ती नव्हती, ‘द्वारे’ शब्दापासून तोडून दूर उभे केले होते, बॅटरीचे लिंग आणि मात्रा दोन्ही बिघडले होते, नुकसान पुल्लिंगी झाले होते. एखाद्या विद्यार्थ्याने असा निबंध लिहिला असता, तर मी त्याला बाकावर उभे केले असते. परंतु अशुद्ध लिहिणारी मुलेही कधी कधी अगदी खरे बोलतात, हाही एकतीस वर्षांचाच अनुभव असल्याने मी चुका मोजून झाल्यावर रीतसर घाबरलो.

मागे जाण्याचे बटण दाबले, तर पडदा क्षणभर पांढरा होऊन पुन्हा लाल झाला. आणखी दोनदा दाबले, तरी तेच. आता त्या लाल पडद्यावर घड्याळ सुरू झाले होते : दोन मिनिटे, एक मिनिट एकोणसाठ सेकंद, अठ्ठावन्न. आवाज ऐकून सौभाग्यवती स्वयंपाकघरातून आल्या आणि पाठोपाठ आमचे साडू आले. साडू चोपडा तालुक्यातले केळीचे बागायतदार. त्या दिवशी ठिबकचे सामान घ्यायला जळगावात आले होते आणि शेवभाजी जेवून पुढच्या खोलीत कलंडले होते.

“काय व्हयनं, सर?” त्यांनी विचारले.

मी सगळा मजकूर वाचून दाखवला. वाचताना सवयीने शुद्ध करूनच वाचला. सौभाग्यवतींनी ‘नाशिक’ तेवढे नेमके ऐकले. “मग आपल्याला कशाला सांगतात? नाशिकवाले बघून घेतील,” असे म्हणून त्या निघाल्याही, पण फोटो जाणार, हे कानावर पडताच परत फिरल्या, कारण धाकट्या मुलाच्या लग्नाचे सगळे फोटो त्या टॅबलेटात होते आणि त्यातल्या एकाही फोटोत त्यांचे डोळे मिटलेले नव्हते.

साडूंनी मात्र ‘व्हायरस’ हा शब्द पकडला. आमच्या भागातल्या केळीवाल्याला तो शब्द काही नवीन नाही. केळीवर कुकुंबर मोझॅक व्हायरस येतो, त्याला आमच्याकडे हरण्या म्हणतात. पानांवर पिवळसर पट्टे उठतात, पोगा, म्हणजे मधले कोवळे पान, सडतो आणि झाड हातचे जाते. औषध नाही. मावा नावाची बारीक कीड तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते, म्हणून बागेजवळ काकडी, भोपळा लावू नये असे सांगतात आणि रोगट झाड दिसले, की ते मुळासकट काढून नष्ट करणे एवढेच हातात उरते. साडूंनी हे सर्व एका दमात सांगितले आणि टॅबलेटकडे बोट दाखवून निकाल दिला : “उपटी फेका त्याले.”

टॅबलेट मुलाने पुण्याहून पाठवलेला, सोळा हजारांचा होता. तो परसातल्या कढीपत्त्याखाली पुरण्याची माझी तयारी नव्हती.

एव्हाना घड्याळात वीस सेकंद उरले होते. आम्ही तिघेही त्याच्याकडे बघत होतो. खरे सांगायचे तर त्या वीस सेकंदांत कोणी काहीही करू शकले असते, परंतु उलट्या घड्याळात काही विलक्षण जादू असते. माणूस ते थांबवण्याऐवजी शून्य पाहायला थांबतो. दहा झाले, पाच झाले. सौभाग्यवतींनी पदर तोंडाला लावला. शून्य आले. आम्ही श्वास धरला. आणि टॅबलेटने, काहीही न घडल्यासारखा, पुन्हा दोन मिनिटांपासून आकडा सुरू केला. मला सर्वांत जास्त अपमान वाटला तो याचा. मृत्युघटका टळल्यावर निदान थोडी शांतता तरी असावी!

दुसऱ्या फेरीला पडद्यावर एक फोन नंबर आला. ‘तज्ञ अभियंता मोफत मदद’ असे त्याच्या बाजूला लिहिले होते. हे चौथे वाक्य धरल्यास चुका नऊ झाल्या. तरीही मी तो नंबर लावला, हे कबूल करतो. लागला नाही, कारण माझा रिचार्ज आदल्या रात्री बारा वाजता संपला होता आणि तो ‘उद्या बघू’ म्हणून मी ठेवून दिला होता. आळसामुळे माणसाचे पैसे वाचल्याची आमच्या घराण्यातली ती पहिली नोंद असावी. तो नंबर लागला असता, तर पलीकडून आधी गोड बोलून एक ॲप टाकायला सांगतात, त्या ॲपमधून आपला पडदा त्यांना तिकडे दिसू लागतो आणि मग आपण बँकेचे काय काय दाबतो, हे ते शांतपणे बघत राहतात, असे मला नंतर कळले. कळवले ते आमच्या नातीने, जी सुटीसाठी आली होती आणि त्या वेळी कूलरसमोर झोपली होती. साडूंच्या आवाजाने ती उठली.

नात बारा वर्षांची. तिने डोळे चोळत टॅबलेट हातात घेतला, खालचे चौकोनाचे बटण दाबले, ब्राउझर बोटाने वर उडवून दिला, सेटिंग्जमध्ये जाऊन तो सक्तीने बंद केला आणि आधी आवाज, मग लाल रंग, मग तेरा विषाणू असे सर्व एकेक करून नाहीसे झाले. याला अर्धे मिनिटही लागले नाही. “आबा, हे नुसतं एक वेबपेज होतं,” ती म्हणाली. “वेबपेजला आपल्या टॅबच्या आत बघताच येत नाही. फोटो, बॅटरीचं नुकसान, व्हायरस, काहीच नाही. हा अँड्रॉइडचा टॅब आहे एवढं ब्राउझरच त्याला सांगतो आणि गाव ते इंटरनेटच्या पत्त्यावरून अंदाजानं टाकतात. म्हणून नाशिक आलं.” मग तिने प्ले प्रोटेक्ट या हानिकारक ॲप शोधणाऱ्या सोयीची तपासणी चालवली. हिरवी खूण आली, हानिकारक ॲप एकही सापडले नाही. तेरांपैकी एखादा तरी निघेल अशी मला, का कोण जाणे, थोडी आशा होती.

येथे प्रकरण संपले असते, तर हा लेख मी लिहिला नसता. परंतु आमचे साडू शेतकरी आहेत आणि शेतकरी रोग गेला म्हणून समाधान मानत नाही. “मावा कोठून उना, ते पहिले देखा,” ते म्हणाले.

मी म्हणालो, की आता त्याची काही आवश्यकता नाही, चहा ठेवा. नात म्हणाली, की चोपड्याच्या आजोबांचा मुद्दा बरोबर आहे. आणि तिने ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन साइट सेटिंग्ज आणि त्यातले सूचनांचे पान उघडले.

हे पान काय असते, ते ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. एखादे संकेतस्थळ उघडले, की ते विचारते : तुम्हाला सूचना पाठवू का? आपण ‘अनुमती द्या’ दाबले, की त्या दिवसापासून ते स्थळ बंद असले तरी टॅबलेटच्या वरच्या पट्टीत हव्या त्या चिठ्ठ्या टाकू शकते. त्यावर ढाल काढा, लाल त्रिकोण काढा, विचारणारा कोणी नाही. गेले आठ दिवस मला अशाच चिठ्ठ्या येत होत्या आणि त्या टॅबलेट बनवणाऱ्याकडून येतात, असे मी समजत होतो. काही लबाड स्थळे तर ‘तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करण्यासाठी अनुमती द्या दाबा’ असे सांगतात. मी माणूस आहे, हे सिद्ध करण्याची संधी मी आयुष्यात कधीच दवडलेली नाही. आणि कोणकोणत्या स्थळांना आपण अशी अनुमती दिली आहे, त्यांची यादी त्या पानावर असते.

आमच्या यादीत चौदा नावे होती. नात ती मोठ्याने वाचू लागली. मी तिला मनात वाच म्हणालो, तर ती म्हणाली, “आबा, तुम्हीच म्हणता ना, स्पष्ट उच्चारात वाचावं.”

पहिले स्थळ गुडघेदुखीचे होते. त्यावर सर्वांनी सहानुभूतीने मान हलवली. दुसरे टकलावर केस उगवण्याचे होते. सौभाग्यवतींनी माझ्या डोक्याकडे पाहिले व काही न बोलता पुन्हा टॅबलेटकडे पाहिले. तिसरे ‘मागील जन्मी आपण कोण होता’ हे सांगणारे होते, ज्यावर मी जन्मतारीख भरली होती आणि शेवटची पायरी म्हणून अनुमती दिली होती. उत्तर अजून आलेले नाही. चौथे पुन्हा केसांचे. पाचवे फुकट क्रिकेट दाखवणारे. सहावे, सातवे पुन्हा केसांचे, पण निराळ्या तेलाचे. आठव्या स्थळावर एक आठवडा आधीच लॉटरीत मोटार जिंकल्याचे मला कळवण्यात आले होते आणि ही गोष्ट मी घरात सांगितली नव्हती, कारण मोटार दारात उभी राहिल्यावरच सर्वांना चकित करावे, असा माझा विचार होता. उरलेली सहा मी येथे देत नाही. ती तेथेही द्यायला नको होती.

वाचन संपल्यावर खोलीत फक्त कूलरचा आवाज होता. साडूंनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि अगदी हळुवारपणे म्हणाले, “सर, मावा सापडना,” म्हणजे सापडला.

नातीने चौदाही स्थळांची अनुमती काढून घेतली आणि वर सूचना विचारण्याचीच सोय बंद करून टाकली. ब्राउझरमधला जुना साठा पुसला. पैसे गेले असते तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत-नंबरवर फोन करायचा असतो, हेही तिने सांगितले. या सगळ्यात त्या लोकांना काय मिळते, असे मी विचारले, तेव्हा कळले, की ते हिरवे बटण दाबून जे सफाईचे ॲप उतरते, त्याच्या प्रत्येक उतरण्यामागे मधल्या माणसाला कमिशन असते. म्हणजे ही अडतच झाली. फक्त आमच्या बाजारातला अडत्या निदान माल तरी खरा दाखवतो आणि नाव सांगून बसतो. पुढे व. वा. वाचनालयात बसून मी या विषयावर थोडे वाचले, तेव्हा १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी फ्लॉपीतून पसरणारा ‘ब्रेन’ नावाचा विषाणू लिहिला होता आणि त्यात स्वतःची नावे, पत्ता व फोन नंबरही घातला होता, असे कळले. मला त्या काळाबद्दल एकदम आदर वाटला. विषाणूही पत्ता देऊन यायचा.

त्या दिवसानंतर मी या विषयातला जाणकार झालो. मेहरूण तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या ज्येष्ठ मंडळींना मी थांबवून सांगू लागलो, की पडद्यावर कोणताही इशारा आला तर ढुंकूनही बघू नये, पान बंद करावे. आणि भाषा तपासावी, कारण भामट्याला विभक्ती प्रत्यय लावता येत नाही. दोघांच्या मोबाइलमधल्या सूचना मी स्वतः बंद करून दिल्या. त्यांपैकी एकाच्या यादीत मोटारीचे ते स्थळ होते. आम्ही एकमेकांकडे बघितले आणि पुढचा विषय काढला.

आठ-दहा दिवसांनी सौभाग्यवतींनी गच्चीवर ज्वारीच्या बिबड्या वाळत घातल्या आणि कावळे हाकलण्यासाठी मला तेथे बसवले. मी डोक्याला उपरणे गुंडाळून, टॅबलेट कठड्यावर टेकवून जुन्या सामन्याची चित्रफीत बघत बसलो. पारा चव्वेचाळीसच्या वर असावा. तासाभराने पडद्यावर एक चौकट आली : ‘टॅबलेट खूप गरम झाला आहे. तो थंड होईपर्यंत काही सुविधा बंद राहतील.’

मी मनापासून हसलो. भाषा तपासली. विभक्ती बरोबर, लिंग बरोबर, अनुस्वार जागच्या जागी, एकही चूक नाही. म्हणजे त्या लोकांनी आता चांगला मराठी लेखनिक ठेवलेला दिसतो, असे मनात म्हणून आणि त्या अनोळखी लेखनिकाला दहापैकी दहा गुण देऊन मी ती चौकट बंद केली. पाच मिनिटांनी ती पुन्हा आली. मी पुन्हा बंद केली. तिसऱ्यांदा टॅबलेटने विचारले नाही. पडदा काळा झाला आणि त्यात उपरणे गुंडाळलेला माझा चेहरा दिसू लागला.

मी टॅबलेट उचलला, तर हाताला तव्यासारखा चटका बसला. तो बिबड्यांच्या शेजारी, माझ्या सावलीत ठेवून मी खाली नातीला हाक मारली. ती जिन्यातूनच ओरडली, “आबा, आता कोणत्या साइटवर गेला होतात?”

तेवढ्यात कावळा एक बिबडी घेऊन उडाला.