मला झालेला दमा

मी गुरुवारी सिगरेट सोडली आणि शनिवारी मला दमा झाला. निदान लंडनमधल्या हॅरोतल्या समस्त मराठी मंडळींत तरी तसं जाहीर झालंय.

दुकानात शिरलो ते ‘ओढा आणि फेका’वालं ई-सिगरेटचं स्वस्तातलं रंगीत नळकांडं घ्यायला. काउंटरवरचं पोरगं म्हणालं, "ती 1 जून 2025 पासून बंद झाली, अंकल." बंद झाली ते ठीक, अंकल कशाला? मग त्यानं टॉर्चएवढं एक धूड काढलं. त्याला पडदा, बटणं, किंमत पासष्ट पौंड. "ढग भारी येतो." अरे बाबा, मला ढग नकोय, निकोटिन हवंय! सिगरेट सोडवणाऱ्या नर्सबाईंनी बजावलं होतं की पुन्हा भरता येणाऱ्या पॉडचं, म्हणजे लिक्विडच्या छोट्या डबीचं, साधं यंत्र घ्या. सिगरेटसारखा आधी तोंडात आणि मग आत, असा झुरका घेता आला पाहिजे. दिवसाला वीस ओढत होतात, तर निकोटिनचं लिक्विडही वीस मिलिग्रॅमचंच घ्या, कायद्यानं त्याहून कडक मिळतही नाही. असं यंत्र कोपऱ्यात धूळ खात पडलं होतं. बारा पौंड. इकडे सिगरेटचं एक पाकीटच पंधराच्या वर जातं, त्यामुळे मला एकदम श्रीमंत झाल्यासारखं वाटलं.

पोरानं भरून दिलं आणि म्हणालं, "दहा मिनिटं थांबा. आतला कापूस भिजू द्या, नाहीतर पॉडमधली तापणारी कॉइल जळेल."

तेवढ्यात मागून आवाज आला, "अय्या, तू इथे?"

काकू! मंडळाच्या गणपतीत मोदकांच्या कळ्या मोजणाऱ्या काकू. इकडच्या या दुकानांत लोकांची पार्सलंही येतात, हे मला ठाऊक होतं. पण काकूंचं पुरणयंत्र नेमकं याच दुकानात यावं?

"हातात काय रे ते?"

"इन्हेलर," मी म्हणालो. बेचाळिसाव्या वर्षी, मुलीच्या फीचे हप्ते भरणारा मी.

"अगोबाई, दमा? कधीपासून? तुझ्या आईला माहितीय? आमच्या धाकट्या दिरांना होता. दही बंद केलंस का? भात? रात्री केळं खातोस? मला वाटलंच होतं, आरतीला तुझा आवाज बसतो." (माझा आवाज आरतीला बसतो, कारण मी मागच्या जिन्यात सिगरेट ओढून आलेला असतो.) "बघू, कसं घेतात ते? घे की, माझ्यासमोर काय लाजायचंय!"

पोरगं मान हलवून नको नको म्हणत होतं. दहातली जेमतेम दोन मिनिटं झाली होती. मी ओढला. जळक्या बोळ्याची चव थेट मेंदूपर्यंत गेली आणि असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं.

"बघ! केवढा जोर आहे दम्याचा!" काकू माझी पाठ चोळत म्हणाल्या. नंतर स्ट्रॉबेरीचा वास आला, तेव्हा म्हणाल्या, "हल्ली औषधंही किती छान करतात."

नव्या पॉडचे तीन पौंड वेगळे पडले. पोरगं हसलं नाही, याबद्दल मी त्याचा आभारी आहे. पण सुट्टे देताना पुन्हा अंकल म्हणालंच.

खरा राग वेगळाच आहे. वीस वर्षं मी उघड्यावर सिगरेटी फुंकल्या, तेव्हा एकानंही दही बंद करायला सांगितलं नाही. दिवाळीत साताऱ्याला जायचंय, तर हे यंत्र नेता येणार नाही. भारतात 2019 पासून त्यावर बंदी. सिगरेट मात्र स्टँडसमोरच्या टपरीवर माझी वाट बघत असेल. तीन आठवडे काय करायचं? नर्सबाई म्हणतात, निकोटिनचं च्युइंगगम चघळा. चघळून पाहिलंय, उचक्या लागतात. आता उचक्यांचं कारण काकूंना काय सांगू?

रविवारी आईचा रडवेला फोन आला. सोमवारी काकूंकडून ओव्याची पुडी आली, सोबत चिठ्ठी: "निखाऱ्यावर टाकून धूर खोल छातीत ओढ. लगेच सोडू नकोस. दिवसातून दोनदा."