चपला आणि कान बाहेर काढून ठेवावेत

ध्वनिनिर्मितीच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलात, फार छान केलंत. घरी मात्र नेमकं काय शिकताय ते सांगायच्या फंदात पडू नका. माझ्या आत्यानं तिसऱ्या सेमिस्टरपर्यंत 'आमची पोर माईकचा कोर्स करते' असं गावभर सांगितलं आणि ऐन लग्नसराईत तिघांनी मला मंडपाचे दर विचारले.

त्यात तुम्ही हे सांगलीत शिकणार, म्हणजे दुधात साखर. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं मराठी नाटकाचा नारळ फोडला, तेव्हा माईक नव्हता. शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोचवायचा तर गळ्यानंच पोचवायचा. आता आपल्याकडं स्टुडिओ आहे, माईक आहे, माईक ठेवायला कपाट आहे आणि कपाटाला कुलूप आहे. किल्ली सरांकडं असते आणि सर मीटिंगमध्ये असतात. पहिलं वर्ष याच्यापुढं फारसं सरकत नाही, तेव्हा घाई करू नका.

स्टुडिओच्या दारावर 'चपला बाहेर काढाव्यात' अशी पाटी दिसेल. चपलांबरोबर कानही तिथंच ठेवा. आत त्यांचं काही काम नसतं. काम असतं ते जर्नलचं. प्रयोग क्रमांक एक: माईकला कुठल्या बाजूचं किती ऐकू येतं त्याची आकृती. कार्डिऑइड माईकची आकृती पिंपळपानासारखी दिसते. माईक खोक्यात असताना मी ते पान सात वेळा काढलं, कारण दर वेळी देठाची बाजू चुकायची. समोरचं नीट ऐकू येतं, पाठीमागचं जवळजवळ नाही, एवढाच त्याचा अर्थ. माईकच्या पाठीमागं उभं राहून दोन वाक्यं बोललात तर दोन मिनिटांत कळेल. तसलं काही करू नका. दोन मिनिटांत कळलेल्या गोष्टीवर चार पानं कशी लिहिणार?

आता कंडेन्सर माईकचा किस्सा, कारण तो तुमच्याही वाट्याला येणार. आमच्या कपाटात एक चांगला महागडा कंडेन्सर माईक होता आणि त्यावर 'नादुरुस्त' अशी चिठ्ठी होती. चिठ्ठी पिवळी पडलेली, म्हणजे आमच्या आधीच्या दोन बॅचनी तरी त्याला मेलेला मानलं असणार. एकदा सगळे साधे माईक स्नेहसंमेलनाला गेले म्हणून सरांनी नाइलाजानं तोच बाहेर काढला. लावला. आवाज नाही. वायर बदलली, मिक्सर (माईकची वायर ज्यात खुपसतात ते बटणांचं यंत्र) बदलला, माईकवर टिचक्या मारून झाल्या, 'हॅलो हॅलो' तर इतकं झालं की शेजारच्या वर्गातून कुणीतरी 'बोला' म्हणालं. तासाभरानं सरांनी नवीन माईकच्या मागणीचं पत्र लिहायला घेतलं.

शिपाईमामा चहा घेऊन आले होते. गणपतीच्या दिवसांत ते एका साऊंडवाल्याकडं कामाला जातात. कपबशी टेबलावर ठेवता ठेवता म्हणाले, ''सर, ते अठ्ठेचाळीसचं बटण दाबलंय न्हवं?''

दाबलं नव्हतं. कंडेन्सर माईकला मिक्सरकडून ४८ व्होल्ट लागतात, त्याला फँटम पॉवर म्हणतात. ही व्याख्या आम्हा सगळ्यांना पाठ होती, युनिट टेस्टमध्ये दोन गुणांना आली होती. बटण दाबलं आणि माईकमधून मामांच्या बशीचा किणकिणाट ऐकू आला.

यातून भलतंसलतं शिकू नका. मामांकडं पदवी नाही, त्यांच्या ज्ञानाला क्रेडिट नाही. वायर पीळ न पडता कशी गुंडाळायची, आवाजाची पातळी दाखवणारा मीटर पार वरच्या टोकाला टेकला की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर कुणाला शिवता येत नाही, असलं काहीबाही ते सांगत बसतात. 'वर थोडी जागा सोडून रेकॉर्ड करा' हेच आम्हाला डेसिबलमध्ये सांगितलं होतं, म्हणून कळलं नव्हतं.

आकड्यांना मात्र मान द्या. माणसाला वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, तेवढं पकडायचं तर सेकंदाला त्याच्या दुपटीहून जास्त वेळा आवाजाचे नमुने घ्यावे लागतात, म्हणून सीडीला ४४,१०० आणि व्हिडिओला बहुधा ४८,०००. हे आजोबांना समजावू नका. मी किलोहर्ट्झ म्हटल्यावर ते खुलले आणि म्हणाले, ''एक हजार दोनशे एक्कावन्न!'' आकाशवाणी सांगली. विषय संपला.

मग भिंती. कॉलेज तपासायला समिती येणार म्हटल्यावर आम्ही स्टुडिओला अंड्यांचे ट्रे चिकटवले. एका ठोक व्यापाऱ्याकडून आणले, दोन रात्री फेविकॉल लावला. ट्रे म्हणजे कागदाचा लगदा. तो वरच्या पट्टीतला आवाज जरासा शोषतो, बाहेरचा अडवत नाही. बाहेरचा अडवायला वजन लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात. आमच्या दाराखाली दोन बोटं फट होती, तिच्यातून मिरज रोडवरची प्रत्येक एसटी आत येऊन जायची. पण फट फोटोत येत नाही, ट्रे येतात. मुंग्याही येतात, दोन ट्रेंमध्ये बलक सुकलेला होता. एका मैत्रिणीनं घरून आजीची वाकळ आणली, चांगली पाच-सहा जुन्या लुगड्यांची, आणि बोलणाऱ्याच्या मागं दोरीवर टाकली. खोलीतला पोकळ घुमारा निम्म्यावर आला. समितीच्या आदल्या दिवशी ती काढायला लावली. बरोबरच आहे, स्टुडिओ आहे की गोधडी वाळत घालायचा माळा?

एप्रिलात रेकॉर्डिंग असेल तर पंखा बंद ठेवावा लागतो. घाम गाळा, तो फुकट आहे. पंखा बंद केला की तुम्हाला एक बारीक 'घूंऽऽ' ऐकू येईल. मिक्सरपासून कॉम्प्युटरपर्यंतची साधी वायर विजेच्या वायरीच्या गळ्यात गळा घालून नेली आणि अर्थिंग नावापुरतं ठेवलं की पन्नास हर्ट्झची वीज अशी गायला लागते. आमच्यातला एकजण भजनात पेटी वाजवतो. तो कान देऊन म्हणाला, ''पांढरी पाचच्या जरा वर, काळी चारच्या खाली.'' तेव्हापासून आम्ही त्या 'घूंऽऽ'ला विद्यापीठाचा तंबोरा म्हणतो. तक्रार करू नका. अख्ख्या इमारतीत अखंड सूर धरणारं दुसरं कुणी नाही.

शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट असतो. विषय इंटरनेटवर तयार मिळेल असाच घ्या. मी घोडचूक केली, मिरजेच्या तंबोऱ्याचा घेतला. थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेब ज्या गावात राहिले, जिथल्या दर्ग्यात त्यांची कबर आहे, जिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते गाव स्टुडिओपासून एसटीनं अर्ध्या तासावर. मोह झाला.

तिथल्या सतारमेकर गल्लीत एक चाचा तंबोऱ्याची जवारी काढत होते, म्हणजे तारेचा सूर खुलवत होते. तार जिच्यावर टेकते ती घोडी कानशीनं घासलेली, तिच्यावर तार, आणि तारेखाली सुताचा एक तुकडा. तार छेडली तर नुसतं 'टण'. त्यांनी नखानं सूत केसभर सरकवलं, पुन्हा छेडली. थोडं उघडलं. पुन्हा केसभर. मग एकदम त्या एका तारेतून पाच-सहा आवाज निघाले आणि दुकानभर पसरले. वीस मिनिटं हेच चाललं होतं. ना मीटर, ना आलेख. असल्या ठिकाणी जाऊ नका, परत येऊन जर्नल लिहवत नाही.

तिथला तंबोरा स्वच्छ रेकॉर्ड झाला. त्यावर निवेदन मी आमच्या स्टुडिओत केलं, सहा मिनिटांची फीत बांधली आणि कौतुकानं चाचांना हेडफोनवर ऐकवली. त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकली. हेडफोन काढून माझ्या हातात दिला.

''बेटा, तंबोरा बरोबर आलाय. तू बोलतेस तेव्हा मागं दुसरा कोण सूर धरून बसलाय? लागला नाही तो.''

मी घरी येऊन निवेदन पुन्हा केलं नाही. तुम्हीही करू नका, गरजच पडत नाही. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी फीत लॅपटॉपच्या स्पीकरवर चाळीस सेकंद ऐकली. त्या स्पीकरला पन्नास हर्ट्झ वाजवताच येत नाही, त्यामुळं विद्यापीठाचा तंबोरा आपोआप गप्प झाला. खरा तंबोरा चौथ्या मिनिटाला होता.

मग त्यांनी जर्नल उघडलं आणि सावकाश, पानन् पान पाहिलं. पंचवीसपैकी तेवीस मिळाले. पिंपळपानाखाली आकृतीचं नाव लिहायचं राहिलं होतं.