फिरकीचं झाकण

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, लुईव्हिलला येऊन तीन महिने झाले होते. (या गावाचं नाव इथली माणसं 'लूअव्हल' असं, तोंडात घोट धरून ठेवल्यासारखं उच्चारतात. मला तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.) ऑफिसात शेजारी बसणाऱ्या, निवृत्तीला आलेल्या एका गृहस्थांना मी घरी जेवायला बोलावलं आणि काय घ्याल, असंही विचारून बसलो. ते म्हणाले, "काहीही चालेल. एखादी बरीशी बर्बन. महागातली मात्र अजिबात नको."

जन्म केंटकीत गेलेल्या माणसाचं 'काहीही चालेल' म्हणजे 'आमचं काही मागणं नाही, तुम्ही तुमच्या हौसेनं काय ते करा' म्हणणारा वरपक्ष. बर्बन म्हणजे मक्याची अमेरिकन व्हिस्की, एवढंच मला ठाऊक. बायकोनं 25 डॉलरची मर्यादा घातली आणि मला दुकानात धाडलं.

दुकानात बर्बनची एक आख्खी गल्ली होती. काउंटरवरच्या मुलानं विचारलं, "नुसती प्यायची की मिक्स करायची?" मी "दोन्ही" म्हणालो. तो ज्या नजरेनं बघत राहिला ती नजर मी याआधी तोंडी परीक्षेत पाहिली होती.

मग लेबलं वाचत सुटलो. निम्म्या बाटल्यांवर कुणाचे ना कुणाचे पूर्वज. त्यातले 'ओल्ड ग्रँड-डॅड'वरचे आजोबा खरे निघाले. ते बेसिल हेडन, आणि नातवानं आजोबांच्या आठवणीसाठी व्हिस्कीला ते नाव दिलेलं. बाकी ठिकाणी 'स्मॉल बॅच', 'हस्तनिर्मित', 'अस्सल परंपरा'. 'स्मॉल बॅच' म्हणजे नेमकी किती पिंपं, हे कायद्यात कुठेच लिहिलेलं नाही. दहा पिंपं एकत्र ओतली तरी स्मॉल, दोनशे ओतली तरी स्मॉलच.

घरी येऊन कायदाच वाचायला घेतला. माझा पिंड कारकुनाचा. नियमावली दिसली की मन रमतं. आणि बर्बन हे पेय नसून मुळात एक नियमावली आहे, हे कळल्यावर मला तिच्याबद्दल आपुलकीच वाटू लागली. धान्यात किमान 51 टक्के मका हवा. वरून रंग नको, चव नको, पाणी तेवढं चालेल. 1964 साली इथल्या संसदेनं, म्हणजे काँग्रेसनं, ठराव करून ती अमेरिकेचीच म्हणून जाहीर केली. केंटकीबाहेर केलेली चालते, देशाबाहेर केलेली नाही. आणि पिंपाच्या बाबतीत तर ही बाई कमालीची सोवळी. ओकचं, आतून जाळलेलं, आणि कोरंच हवं. एकदा वापरलेलं पिंप बर्बनला विटाळ. ते मग स्कॉटलंडला जातं आणि तिथली स्कॉच त्यात वर्षानुवर्षं निमूट मुरत पडते. व्हॅनिला, कॅरमेल वगैरे जे म्हणतात ते बरंचसं त्या जळलेल्या लाकडाचं देणं. इथल्या उन्हाळ्यात पिंपातली बरीच उडूनही जाते, तिला 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. आपले देव नैवेद्याचा नुसता वास घेतात. हे सरळ पितात.

दुसऱ्या दिवशी 50 मिलीच्या तीन बाटल्या आणल्या. एक 40 टक्केवाली साधी, एक 'मेकर्स मार्क', एक 'वाइल्ड टर्की 101'. हा 101 वाचून मला आधी तापच आठवला. इथं प्रूफ म्हणजे अल्कोहोलच्या टक्क्यांच्या दुप्पट, म्हणजे 50.5 टक्के. तापच तो.

बायकोनं तीन ग्लासांना चिठ्ठ्या चिकटवल्या. मी जाणकारासारखं नाक आत घातलं आणि डोळ्यांतून पाणी आलं. तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्यायचा असतो, हे नंतर कळलं. जाणकारांना यात चामडं, तंबाखू आणि चेरी सापडते. मला वॉर्निश सापडलं.

"मला नव्या चपलेचा वास येतोय," बायको म्हणाली.

"ते चामडं! चांगलं असतं ते."

"मग चपलाच आणायच्या होत्यास."

पण हळूहळू जीभ कामाला लागली. मेकर्स मार्कमध्ये मक्याच्या जोडीला राय नावाच्या धान्याऐवजी गहू असतो, म्हणून ती मऊ. टर्कीत राय, म्हणून मिरमिरते. मग साखर, बिटर्स (कडवट अर्काचे थेंब), बर्फ आणि संत्र्याची साल घालून ओल्ड-फॅशण्ड नावाचं कॉकटेल केलं, तेव्हा 40 टक्केवाली त्यात बेपत्ता झाली. टर्की मात्र साखरेला आणि बर्फाला पुरून उरली. म्हणजे मिसळायची तर अंगात दम हवा. आणि दमदार बाटली नुसती प्यायची असेल तर चार थेंब पाणी घालून तिला शांत करता येतं. उलट मात्र होत नाही.

आता दमदार आणि स्वस्त शोधायची. तेव्हा मला दुकानात खालच्या फळीवर ते शब्द दिसले: 'बॉटल्ड इन बाँड'. कोणे एके काळी दलाल व्हिस्कीत रंगासाठी काय वाटेल ते मिसळत, म्हणून 1897 साली कायदा झाला. एकाच डिस्टिलरीची, एकाच हंगामातली, सरकारी देखरेखीच्या गोदामात किमान चार वर्षं काढलेली, आणि बरोबर 100 प्रूफ. लेबलावर एवढं प्रतिज्ञापत्र असताना मला पूर्वज कशाला हवेत? पांढऱ्या लेबलाची 'एव्हन विल्यम्स' उचलली. 25 डॉलरमधून संत्र्यापुरते पैसे उरले.

अडचण एकच. झाकण फिरकीचं. महागाच्या बाटलीचं बूच 'टॉप' करून निघतं, हिचं करकरतं. पाहुणे आले त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात जाऊन मोठ्यानं खोकत झाकण उघडलं आणि बाटली पिठाच्या डब्यामागे ठेवून फक्त ग्लास घेऊन बाहेर आलो.

त्यांनी घोट घेतला. डोळे मिटले. "वा! पण मी महागातली नको म्हणालो होतो ना?"

इथं खरं बोलायला पुरेसा वेळ होता. मी परत खोकलो.

ओशाळून पुढच्याच आठवड्यात त्यांनी परतभेट आणली. जाड बुडाची, लाकडी बुचाची, किंमत माझ्या मर्यादेच्या तिप्पट तरी असावी. लेबलावर 'स्मॉल बॅच' आणि एक घोडा. बूच उघडताना सुरेख 'टॉप' वाजतं, पण ओल्ड-फॅशण्डमध्ये ती बेपत्ता होते. आता ते भेटले की विचारतात, "ती बाटली कशी वाटली?" मी म्हणतो, जपून जपून वापरतोय.

बायकोनं आतापर्यंत तीच बर्बन ओतून पेकनचे, म्हणजे अक्रोडाच्या भावकीतल्या सुक्यामेव्याचे, चार गोड 'पाय' भाजले आहेत. पाचवा रविवारी आहे, आणि खायला तेच येणार आहेत.