टायटल क्लिअर, माती ज्याची त्याची

आपल्या जुन्या कारखान्याच्या जागेवर प्लॉट पाडायचेत आणि बोअरला चहाच्या रंगाचं पाणी लागतंय? मुळीच घाबरू नका, भाऊ. नागपुरात जमिनीचा भाव वरून ठरतो, खालून नाही. जाहिरातीत 'मिहान टच', 'समृद्धी टच' बसलं की क्रोमियम टच आहे का, हे कोणी विचारत नाही.

बँकेत बिनधास्त जा. साहेब तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट मागेल, एनए ऑर्डर मागेल, तुमच्या आत्याचं हक्कसोडपत्रही मागेल. तीन फूट खाली काय पुरलंय, याचा रकाना त्याच्या फॉर्मात नसतो. आपणहून तोंड उघडू नका. कोणी मातीचा नमुना मागितलाच, तर आधी दोन ट्रक मुरूम, त्यावर चार बोटं काळी माती आणि वर लॉन टाकून घ्या. नमुना न्यायला आलेला पोरगा मे महिन्याच्या उन्हात पार वाळून गेलेला असतो. त्याला सावलीत बसवा, मठ्ठा पाजा आणि खुरपं तुम्हीच लॉनच्या कडेला खुपसा. वीतभर गेलं की "झालं ना बाप्पा!" म्हणा. रिपोर्ट सुंदर येतो.

आता खर्च. खरोखर साफ करायचं तर विषारी माती उपसून बुटीबोरीच्या घातक कचरा प्रकल्पात न्यायची आणि भूजल वर्षानुवर्षं काढून शुद्ध करत बसायचं. एवढ्यात दुसरी जमीन येईल. म्हणून नफा एका कंपनीत ठेवा, जमीन दुसऱ्या. दुसरीत बायकोचा मामेभाऊ आणि एक बंद पडलेला लँडलाइन पुरे. केंद्राने जुलै २०२५ मध्ये दूषित जागांचे नियम आणलेत. प्रदूषण करणाऱ्याकडून खर्च वसूल करायचा, असं त्यात आहेच. पण तो सापडला नाही किंवा त्याची ऐपत नसली, तर सरकारी तिजोरी आहे. तेव्हा न सापडणं ही पात्रता समजा आणि मन लावून कमवा.

सापडलातच तर बिछडी आठवा. राजस्थानातल्या या गावात एच-ॲसिड या रंगासाठीच्या रसायनाच्या कारखान्यांनी विहिरी नासवल्या. साफसफाईचा हिशोब आपल्याच नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने मांडला, ३७ कोटी ३८ लाखांच्या वर. जो घाण करेल तो भरेल, असं सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये बजावलं. त्यानंतर अर्जांवर अर्ज. २०११ मध्ये कोर्ट तीच रक्कम चक्रवाढ व्याजासह भरा म्हणत होतं. व्याज लागतं, हे खरं. पण पंधरा वर्षं मिळतात हो!

सरकारकडे पैसा कुठून येणार, ही काळजी तुमची नव्हे. २०१० मध्ये कोळशावर टनामागे ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर बसला, २०१६ पर्यंत तो ४०० झाला. पुढच्याच वर्षी जीएसटी आला आणि हा पैसा राज्यांच्या महसूल भरपाईकडे वळला. म्हणजे वेकोलिचा (वेस्टर्न कोलफिल्ड्सचा) कोळसा गेला, कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांपाशी राख राहिली आणि स्वच्छतेच्या नावाने घेतलेले पैसे जीएसटीचं भोक बुजवायला लागले. एवढी सफाई तुम्हाला एका प्लॉटवर नक्कीच जमेल.

शेवटी दानधर्म. अमेरिकेत नायगारा फॉल्सला हूकर केमिकलने रसायनं पुरलेली जागा १९५३ मध्ये शाळा मंडळाला एका डॉलरमध्ये दिली. पुढे काही झालं तर आमच्याकडे यायचं नाही, असं खरेदीखतातच लिहून घेतलं. शाळा उभी राहिली. तुम्हाला इतकं लांब जायची गरज नाही. लेआउटमध्ये दहा टक्के ओपन स्पेस सोडावीच लागते आणि ड्रम कुठे पुरलेत ते तुम्हाला ठाऊक आहे. तोच कोपरा सोडा, आमदारांच्या हस्ते ग्रीन जिमचं उद्घाटन करा, देखभाल मनपाच्या गळ्यात घाला. पाटीवर 'सौजन्य' म्हणून आपलं नाव ठसठशीत येऊ द्या. जुन्या कंपनीचं तेवढं चुकूनही टाकू नका. ती सापडत नाहीये.